वाचकांचे प्रश्न : पदवीआधीचे गणित आणि संगणक

बारावीचा निकाल लागला की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा सूर बदलतो. कोणती शाखा घ्यावी हा प्रश्न मागे पडतो आणि घेतलेली शाखा झेपेल का, ही धास्ती पुढे येते. या वेळी सातारा आणि सांगली जिल्ह्यांतून आलेली बहुतेक पत्रे गणित व संगणक यांच्या पूर्वतयारीविषयीच असल्याने हे सदर पूर्णपणे त्यांना दिले आहे. पत्रे संक्षिप्त केली असून पत्रलेखकांच्या इच्छेनुसार नावे छापलेली नाहीत.

प्रश्न : मी वाणिज्य शाखेतून बारावी उत्तीर्ण झाले. अकरावीला गणिताऐवजी चिटणिसाची कार्यपद्धती हा विषय घेतल्याने दहावीनंतर गणिताशी संबंध उरला नाही. दहावीला बीजगणितात गुण बरे होते, पण ते समजून नव्हे, पाठ करून मिळाले होते. आता बीसीएला प्रवेश घेतला आहे आणि अभ्यासक्रमात गणित पाहून छातीत धडकी भरली आहे. एका क्लासने फाउंडेशन बॅच सुचवली आहे, मात्र तिचे शुल्क आम्हाला जड जाईल. कॉलेज सुरू होण्यास सुमारे दोन महिने आहेत. सुरुवात कुठून करू?
— एक विद्यार्थिनी, कोरेगाव

उत्तर : तुझ्या पत्रातील ‘समजून नव्हे, पाठ करून’ हे शब्द मला सर्वांत महत्त्वाचे वाटले, कारण पुढच्या दोन महिन्यांचे काम त्यात नेमके सांगून झाले आहे. बीसीएच्या पहिल्या वर्षी येणारे गणित साधारणपणे संच, तर्कशास्त्र, संबंध व फलन, मॅट्रिक्स आणि थोडी सांख्यिकी एवढ्या परिसरातले असते आणि त्यातला बराचसा भाग शिक्षक मुळापासून शिकवतात. विद्यार्थी अडतात ते वेगळ्याच ठिकाणी. फळ्यावरच्या तिसऱ्या ओळीतून चौथी ओळ कशी आली हे ज्याला दिसत नाही, त्याला पुढच्या दहा ओळी नुसत्या उतरवून घ्याव्या लागतात, आणि ती न दिसलेली पायरी बहुधा आठवीतली असते.

म्हणून क्लासचे शुल्क भरण्याआधी एक संध्याकाळ काढ आणि कॅल्क्युलेटर न घेता ही सहा उदाहरणे सोडव : तीन चतुर्थांश अधिक दोन पंचमांश, उणे ३ मधून उणे ८ वजा करणे, ०.०३ गुणिले ०.४; २क्ष + ७ = १ या समीकरणातील क्षची किंमत; (क्ष + ५)² चा विस्तार; आणि एखाद्या वस्तूची किंमत आधी २० टक्क्यांनी उतरून मग २० टक्क्यांनी चढली, तर ती मूळ किमतीच्या किती टक्के राहील. उत्तरे अनुक्रमे २३/२०, ५, ०.०१२, उणे ३, क्ष² + १०क्ष + २५ आणि ९६ टक्के अशी आहेत. सहाही उत्तरे कारणासह आली, तर तुला कोणत्याही बॅचची गरज नाही, थोड्या सरावाची आहे. काही चुकली, तर कोणती चुकली यावरून पुस्तक ठरते. अपूर्णांक आणि दशांश अडत असतील तर सहावी-सातवीचे पुस्तक घे, विस्तारसूत्रे व अवयव यांसाठी आठवीचे, संच, वास्तव संख्या, बहुपदी आणि गुणोत्तर-प्रमाण यांसाठी नववीचा पहिला भाग, तर दोन चलांतील समीकरणे, संभाव्यता आणि सांख्यिकी यांसाठी दहावीचा पहिला भाग. बालभारतीची ही सारी पुस्तके तिच्या संकेतस्थळावरून विनामूल्य उतरवून घेता येतात. बारावी झालेल्या मुलीने सातवीचे पुस्तक उघडणे पाहणाऱ्याला विचित्र वाटेल, वाटू दे. जे पुस्तक सातवीत वर्षभर पुरले, ते आता तुझ्या आठवडाभरात हातावेगळे होईल.

शेकडेवारीकडे मी मुद्दाम लक्ष वेधतो, कारण ती आपल्याला येते असा जवळजवळ प्रत्येकाचा समज असतो. तासगावच्या बेदाण्याचे उदाहरण घे. समजा, ताज्या द्राक्षांत वजनाच्या ८० टक्के पाणी आहे आणि तयार बेदाण्यात ते १५ टक्के राहते. तर १०० किलो द्राक्षांपासून किती बेदाणा मिळेल? पुष्कळ जण ८० मधून १५ वजा करतात, ६५ किलो पाणी उडाले असे मानतात आणि ३५ किलो बेदाणा मिळेल असे सांगून मोकळे होतात. प्रत्यक्षात माल वाळताना न बदलणारी गोष्ट एकच असते, ती म्हणजे द्राक्षांतला २० किलो घन भाग. बेदाण्याच्या वजनात हाच भाग ८५ टक्के भरतो, म्हणून बेदाण्याचे वजन २० भागिले ०.८५, म्हणजे सुमारे साडेतेवीस किलो येते. ते ८० टक्के द्राक्षांच्या वजनाचे आहेत आणि १५ टक्के बेदाण्याच्या वजनाचे, त्यामुळे त्यांची एकमेकांतून वजाबाकी करताच येत नाही. टक्के दिसले की ते कशाचे, हे समासात लिहून मगच पुढे जायचे, एवढी शिस्त लावून घेतलीस तर सांख्यिकी आणि संभाव्यतेतील निम्म्या चुका होणारच नाहीत.

बीजगणितातल्या चुकांना मात्र एक स्वस्त उतारा आहे. (अ + ब)² म्हणजे अ² + ब² असे लिहिण्याचा मोह झाला, तर अ = ३ आणि ब = ४ ठेवून पाहा : डावीकडे ७ चा वर्ग ४९ येतो, उजवीकडे ९ अधिक १६ म्हणजे २५. राहिलेले २४ हेच ते विसरलेले २अब. (क्ष + ६) भागिले ६ यातला ६ ला ६ काटून क्ष उरवणारे विद्यार्थी मी पदवी वर्गातही पाहिले आहेत. क्षच्या जागी ६ ठेवले की मूळ राशी २ येते, ६ येत नाही, आणि खाडाखोड चुकली हे शिक्षकाने सांगावे लागत नाही. सूत्र आठवले तरी ते दोन लहान संख्यांवर तपासूनच वापरायचे ही सवय तुला बीसीएला दुहेरी उपयोगी पडेल, कारण प्रोग्रॅम लिहिल्यावर उत्तर आधीच माहीत असलेली संख्या देऊन तो तपासणे हे त्या क्षेत्रातले रोजचे काम आहे.

घरात आजी-आजोबा असतील तर त्यांना पावकी, निमकी, दिडकी म्हणायला सांग. पाढे कागदावर न मांडता अपूर्णांकाने गुणणारी ती पिढी संख्येचा अदमास चटकन घेत असे. आपल्या हातात कॅल्क्युलेटर आला आणि अदमास गेला. उदाहरण सोडवण्यापूर्वी उत्तर साधारण किती यावे, हे समासात लिहिण्याची प्रथा तू तरी पुन्हा सुरू कर.

यानंतर संगणकाला लागणाऱ्या गणिताकडे वळ. १३ ही संख्या ८ + ४ + १ अशी फोडता आली, तर तिचे द्विमान रूप ११०१ आपोआप मिळते. त्यासाठी २ चे १० पर्यंतचे घात, म्हणजे १०२४ पर्यंतच्या संख्या, तोंडपाठ असाव्यात. येथे पाठांतराला माझी हरकत नाही. नववीतला संचांचा धडा पुन्हा करताना साध्या यादीवर विचार कर : वर्गातल्या ६० जणींपैकी ४० जणींना टायपिंग येते, २५ जणींना स्प्रेडशीट येते आणि १० जणींना दोन्ही येते, तर किमान एक गोष्ट येणाऱ्या ५५ आणि काहीच न येणाऱ्या ५. पुढे डेटाबेसमधून माहिती काढताना ‘आणि’, ‘किंवा’, ‘नाही’ हे शब्द नेमके याच अर्थाने येतात.

बॅचविषयी माझे मत स्पष्ट आहे. दोन महिन्यांत अकरावी-बारावीचे गणित धावत उरकणाऱ्या बॅचचा तुला उपयोग नाही, कारण तुझी खोट तिथे नाही. गावातल्या एखाद्या शिक्षकाने आठवड्यातून एकदा वही तपासून दिली, तर तेवढी मदत पुरेशी होईल. रोज तासभर, पण कागद-पेन्सिल घेऊन. व्हिडिओ पाहून समजल्यासारखे वाटते, ते वाटणे दुसऱ्या दिवशी कोऱ्या पानावर तपासून घे.

प्रश्न : माझ्या मुलाला एमएचटी-सीईटीत चांगले पर्सेंटाइल मिळाले आहे आणि सांगलीत अभियांत्रिकीला प्रवेश मिळेल अशी आशा आहे. मोबाइल दिवसभर हातात असतो, पण घरी संगणक नाही. लॅपटॉप आत्ताच घ्यावा का आणि कोणता घ्यावा? एमएस-सीआयटी करून घेतली म्हणजे पुरेल का? गणिताची काळजी नाही.
— एक पालक, पलूस तालुका

उत्तर : आपल्या शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करतो. सीईटीत गणिताचे ५० प्रश्न ९० मिनिटांत सोडवायचे असतात आणि चुकीच्या उत्तराचे गुण वजा होत नाहीत. अशा परीक्षेत पर्याय उलटे भरून पाहणे, अशक्य पर्याय खोडणे, राहिलेल्यांवर ठोकताळा लावणे, हे सारे रास्तच आहे. विद्यापीठाच्या उत्तरपत्रिकेत मात्र पर्याय नसतात आणि गुण पायऱ्यांना असतात. तेव्हा चिरंजीवांना बारावीच्या पुस्तकातील विकलन आणि संकलनाची काही उदाहरणे प्रत्येक पायरीचे कारण लिहून सोडवायला सांगा. चांगले पर्सेंटाइल मिळवलेली मुलेही येथे अडखळतात, आणि ते प्रवेशाआधी कळलेले बरे.

लॅपटॉपचे थोडक्यात. शाखा निश्चित होईपर्यंत थांबावे, कारण स्थापत्य किंवा यंत्र शाखेत लागणारी आरेखनाची सॉफ्टवेअरे आणि संगणक शाखेची गरज वेगवेगळी असते. विभागातील शिक्षकांना विचारून घेतलेला लॅपटॉप चार वर्षे टिकतो. किमान ८ जीबी रॅम, जमल्यास १६, आणि जुन्या पद्धतीच्या हार्ड डिस्कऐवजी एसएसडी, एवढे पाहावे. चकचकीत गेमिंग मॉडेलसाठी कर्ज काढू नये.

एमएस-सीआयटी हा अभ्यासक्रम २००१ पासून चालू आहे, राज्य शासनाच्या अनेक पदांच्या जाहिरातींत त्याची किंवा समकक्ष प्रमाणपत्राची अट असते आणि ज्याने कीबोर्डला हातच लावलेला नाही त्याला तो बसते करतो. म्हणून करून घ्यावा. परंतु प्रमाणपत्र हाती आल्यावरही बरीच मुले, उतरवून घेतलेली फाइल कुठे गेली, या पहिल्याच प्रश्नाला गडबडतात. मोबाइल फाइलची जागा लपवून ठेवतो, संगणकावर ती स्वतः ठरवावी लागते. विषयवार फोल्डर करणे, फाइलच्या नावात ‘फायनल’, ‘फायनल नवीन’ असे न लिहिता वर्ष-महिना-दिवस या क्रमाने तारीख घालणे, अनेक फाइली एकत्र झिप करून विषयाची ओळ लिहिलेल्या ईमेलने पाठवणे, कीबोर्डकडे न पाहता टंकणे, एवढे प्रवेशापूर्वी हातात बसले पाहिजे. आणखी एक गोष्ट जाता जाता : प्रवेशाचे अर्ज आपल्याकडे बहुधा झेरॉक्सच्या दुकानात किंवा सेवा केंद्रात भरले जातात आणि घाईत तिथल्याच माणसाचा ईमेल व पासवर्ड टाकला जातो. पुढे शिष्यवृत्तीच्या वेळी ते खाते उघडत नाही. मुलाचे स्वतःचे ईमेल खाते आणि घरातलाच मोबाइल क्रमांक याबाबत हट्ट धरावा.

स्प्रेडशीट शिकायला कृष्णाकाठच्या मुलांना पाठ्यपुस्तकाबाहेर जाऊन उदाहरण शोधावे लागत नाही. पावसाळ्यात सांगलीच्या आयर्विन पुलाजवळची पाणीपातळी दर काही तासांनी प्रसिद्ध होते. ४० फूट ही इशारा पातळी आणि ४५ फूट ही धोक्याची, हे आपल्या भागात लहान मुलांनाही ठाऊक असते. समजा, सकाळी ८ वाजता पातळी ३१ फूट ६ इंच आहे. मुलगा सेलमध्ये ३१.६ लिहील. येथेच पहिला धडा आहे, कारण ६ इंच म्हणजे अर्धा फूट, आणि योग्य संख्या ३१.५ होय. ३१ फूट ११ इंच तर ३१.११ असे लिहिले गेले, तर चढलेले पाणी तक्त्यात उतरलेले दिसेल. म्हणून फूट एका स्तंभात, इंच दुसऱ्यात, आणि तिसऱ्यात ‘फूट अधिक इंच भागिले १२’ हे सूत्र. दुपारी २ वाजता पातळी ३४ फूट झाली, तर सहा तासांत अडीच फूट, म्हणजे ताशी ५ इंच वाढ. आलेखावर हाच त्या रेषेचा चढ. नोंदी ८, ११, २ आणि रात्री ८ अशा असमान अंतराने असतील, तर नेहमीचा लाइन आलेख त्या समान अंतरावर मांडतो आणि चढ खोटा दिसतो. त्यासाठी स्कॅटर प्रकारचा आलेख निवडावा लागतो. मग विचारावे : हाच वेग राहिला तर ४० फुटांना किती वेळ? सहा फूट म्हणजे ७२ इंच, ताशी ५ प्रमाणे साधारण साडेचौदा तास. यापुढचा प्रश्न खरा अभियांत्रिकीचा आहे : वेग तोच का राहील? पाणी काठाबाहेर पसरले की पात्राची रुंदी वाढते, वरून विसर्ग कमी-जास्त होतो, पंचगंगेच्या पुराची फूग मागे लागते. सरळ रेषा हे आपण धरलेले गृहीतक आहे, नदीने दिलेले वचन नव्हे.

याच कागदावर कोयनेचा विसर्ग घ्यावा. बातम्यांतला एक टीएमसी म्हणजे १०० कोटी घनफूट, आणि दिवसाचे सेकंद ८६,४००. भागाकार केला की ११,५७४ येतात. म्हणजे तेवढ्या क्युसेकचा (सेकंदाला तेवढे घनफूट) विसर्ग पूर्ण २४ तास चालू राहिला तर धरणातून एक टीएमसी पाणी जाते. १०५ टीएमसी साठवण क्षमतेच्या धरणाच्या बातम्या मुलगा लहानपणापासून ऐकत आला असेल. त्या आकड्यांची एकके त्याने एकदा स्वतः जुळवावीत. घातांक, एककांचे रूपांतर आणि सूत्र लिहिणे ही तिन्ही कामे एका बैठकीत होतात.

एक सावधगिरी. स्प्रेडशीटमध्ये उणे ३ चा घात २ असे सूत्र कंस न घालता लिहिले तर एक्सेल ९ दाखवते, कारण तिथे उणे चिन्ह आधी धरले जाते. गणिताच्या नियमाने आणि पायथॉन भाषेतही त्याच मांडणीचे उत्तर उणे ९ आहे. यंत्र चुकले असे नाही, त्याचा संकेत वेगळा आहे. कंस घालण्यात कंजुषी करू नये. हे सारे मराठीतून पाहायचे असेल, तर आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात लिबर ऑफिससारख्या मोफत सॉफ्टवेअरचे छोटे पाठ मराठी निवेदनासह उपलब्ध आहेत.

प्रश्न : मी ३४ वर्षांची असून एका पतसंस्थेत लिपिक आहे. बारावीनंतर लग्न झाले आणि शिक्षण थांबले. डेटा सायन्सच्या ऑनलाइन पदवीबद्दल बरेच ऐकते. या वयात गणित पुन्हा जमेल का, की मुक्त विद्यापीठातून बीकॉम करणे शहाणपणाचे ठरेल?
— एक वाचक, सातारा

उत्तर : नोकरी सांभाळून शिकणाऱ्यांचे साताऱ्याला अप्रूप नसावे, ‘कमवा आणि शिका’ ही वाट कर्मवीर भाऊराव पाटील यांनी याच मातीत घालून दिली. त्यामुळे वयाचा प्रश्न मी बाजूला ठेवतो. पाहायचे आहे ते रोज मिळणारा वेळ आणि इंग्रजी वाचण्याची तयारी.

आपण ज्या पदवीबद्दल ऐकले ती बहुधा आयआयटी मद्रासची, २०२० साली सुरू झालेली असावी. बारावी उत्तीर्ण आणि दहावीला गणित व इंग्रजी असलेल्या कोणालाही तिथे अर्ज करता येतो, वयाची अट नाही. आधी चार आठवड्यांचा पात्रता टप्पा असतो : इंग्रजी, गणित, सांख्यिकी आणि संगणकीय विचारपद्धती या विषयांचे पाठ, दर आठवड्याचे स्वाध्याय आणि शेवटी केंद्रावर जाऊन द्यायची परीक्षा. तो ओलांडल्यावर पायाभूत स्तर लागतो आणि त्यात गणित, सांख्यिकी व इंग्रजीचे प्रत्येकी दोन, तसेच संगणकीय विचारपद्धती आणि पायथॉन असे आठ अभ्यासक्रम असतात. शिकवणे इंग्रजीतून आहे आणि शुल्क घेतलेल्या विषयांप्रमाणे भरावे लागते. या रचनेचा फायदा असा की पात्रता टप्प्यातच झेपते की नाही हे कळते. तेवढ्यासाठी तीन-चार वर्षे पणाला लावावी लागत नाहीत. नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ पासून मराठीतून शिकवते आणि बढतीसाठी पदवी हवी असेल तर ती वाट सरळ आहे. मला विचाराल तर आधी चार महिने गणिताची उजळणी करावी आणि मगच निवड करावी.

ती उजळणी आपल्या टेबलावरूनच सुरू होऊ शकते. १ लाख रुपयांचे कर्ज, १२ टक्के सरळ दराने, एका वर्षाच्या १२ समान हप्त्यांत फेडायचे आहे असे समजा. व्याज १२,००० रुपये आणि हप्ता सुमारे ९,३३३ रुपये. हे आपण तोंडी सांगाल. पण कर्जदाराकडे पूर्ण लाख रुपये केवळ पहिला महिनाभर असतात, दर हप्त्याबरोबर मुद्दल कमी होते आणि व्याज मात्र अखेरपर्यंत पूर्ण लाखावर आकारलेले असते. घटत्या शिलकीवर हाच दर किती पडतो? एक्सेलमध्ये ‘रेट’ नावाचे सूत्र आहे. त्याला हप्त्यांची संख्या १२, हप्ता उणे चिन्हासह आणि कर्जाची रक्कम दिली की दरमहा सुमारे १.७९ टक्के, म्हणजे वर्षाला साधारण साडेएकवीस टक्के असे उत्तर मिळते. सूत्रावर थांबू नका. बारा ओळींचा तक्ता स्वतः मांडा : आरंभीची शिल्लक, त्या महिन्याचे व्याज, हप्ता, अखेरची शिल्लक. व्याजदराचा सेल एकच ठेवून सूत्रात त्याच्या पत्त्याला डॉलरचे चिन्ह लावा, म्हणजे सूत्र खाली ओढले तरी तो पत्ता सरकणार नाही. दर बदलत बाराव्या ओळीची शिल्लक शून्याजवळ आणा. दर जास्त धरला तर काही शिल्लक उरते, कमी धरला तर ती शून्याखाली जाते, आणि दोन्हींच्या मधला दर पुन्हा पुन्हा घेत उत्तराला जवळ नेण्याची ही रीत संगणकशास्त्रात नेहमी वापरतात. दरमहाच्या शिल्लकींमागे भूमितीय श्रेढी आहे आणि पात्रता टप्प्यात लागणारी फलन, आलेख व घातांक या साऱ्यांची गाठ याच तक्त्यात पडते. इतकी वर्षे कर्जखाती हाताळलेल्या व्यक्तीला हे गणित अनोळखी नाही. त्याची चिन्हे तेवढी नवी आहेत.

प्रश्न : माझे सारे शिक्षण मराठी माध्यमातून झाले. बीएस्सीला गणित इंग्रजीतून असेल. त्यासाठी इंग्रजीचा क्लास लावू का?
— एक विद्यार्थी, जत

उत्तर : क्लास लावण्याआधी एक साधा उपाय करून पाहा. बालभारतीच्या नववी आणि दहावीच्या गणिताची मराठी व इंग्रजी पुस्तके उतरवून घे आणि एकच प्रकरण दोन्हींतून शेजारी ठेवून वाच. उदाहरणे तीच असतात, क्रमही तोच. आशय आधी ठाऊक असल्याने इंग्रजी वाक्याची बांधणी उलगडत जाते. प्रकरणामागे पंधरा-वीस शब्द वहीत उतरव आणि सोडवलेल्या एका उदाहरणाची उकल इंग्रजीत पूर्ण वाक्यांनी लिही. गणिताचे इंग्रजी वाक्यांच्या ठरावीक साच्यांतच फिरत असते. बोलायचे इंग्रजी निराळे, त्याची घाई नाही.

प्रश्न : उदाहरणाचा फोटो काढला की मोबाइल पायऱ्यांसह उत्तर देतो. मग हे सगळे हाताने शिकण्यात वेळ का घालवायचा?
— एक विद्यार्थी, विटा

उत्तर : प्रश्न रास्त आहे आणि ‘मोबाइल वाईट’ असे म्हणून मी तो झटकणार नाही. ही साधने उपयोगी आहेत, विशेषतः ज्यांच्या घरात गणित सांगणारे कोणी नाही त्यांना. पण ती कधी कधी पूर्ण आत्मविश्वासाने चुकीचे उत्तर देतात, आणि फोटोतले हस्ताक्षर चुकीचे वाचले गेले तर भलतेच उदाहरण सोडवून देतात. ते ओळखायला उत्तर साधारण किती यावे याचा अंदाज लागतो. वर कोरेगावच्या विद्यार्थिनीला सांगितलेली सहा उदाहरणे त्यासाठीच आहेत.

वापर उलट्या क्रमाने कर. आधी स्वतः सोडव, अडलास तरी जेथपर्यंत आलास तेथपर्यंत लिही. मग मोबाइलची उकल समोर ठेवून तुझी कोणती ओळ तिच्यापासून वेगळी झाली ते शोध आणि तेवढ्याच ओळीचे कारण विचार. उरलेली उकल न पाहता पुढचे स्वतः पूर्ण कर. प्रोग्रॅमिंगलाही हेच लागू आहे : तयार प्रोग्रॅम चालवून पाहण्यापूर्वी तो काय छापेल ते कागदावर लिहायचे. पायथॉनमध्ये ०.१ अधिक ०.२ यांचे उत्तर नेमके ०.३ येते का, हे तपासून पाहा. उत्तरात सतराव्या दशांश स्थळी एक ४ आलेला दिसेल. ०.१ ही संख्या द्विमान पद्धतीत, एक तृतीयांश दशमानात लिहिताना होते तशीच, न संपणारी ठरते आणि संगणक ती ठरावीक जागेवर तोडून साठवतो. हे कारण मोबाइलही सांगेल, पण आधी कागदावर ०.१ चे द्विमान रूप काढायला बस आणि सात-आठ पायऱ्यांनंतर तेच अंक पुन्हा येऊ लागतात का ते स्वतः पाहा.